किनाऱ्यावरची चाके आणि मर्यादवेल

गोंडपिपरीहून कोकणचा समुद्र सुमारे हजार किलोमीटर दूर आहे. वर्धा आणि वैनगंगा या दोन नद्यांच्या बेचक्यात वसलेल्या या तालुक्यातील माणसाला वाळू ठाऊक असते ती नदीच्या पात्रातली. समुद्राची वाळू त्याच्या पायाला लागलीच, तर शाळेच्या सहलीत किंवा सरकारी नोकरीतील रजा प्रवास सवलतीच्या निमित्ताने. ही परिस्थिती आता झपाट्याने पालटत आहे. ५ जून २०२५ रोजी समृद्धी महामार्गाचा इगतपुरी ते आमणे हा अखेरचा टप्पा खुला झाला आणि नागपूर ते मुंबई हे ७०१ किलोमीटरचे अंतर एका दिवसाच्या आवाक्यात आले. पहाटे चंद्रपूर सोडणारे कुटुंब रात्री रायगड जिल्ह्यातील एखाद्या सुरुबनात तंबू ठोकू शकते. विदर्भाला समुद्र जवळ आला, ही निःसंशय आनंदाची गोष्ट आहे. परंतु रस्ता जेथे संपतो तेथे मोटार थांबते काय, हा या आनंदाच्या पोटातला प्रश्न आहे.

ती थांबत नाही, असा अलीकडच्या काही वर्षांचा अनुभव आहे. सुट्टीच्या दिवशी अलिबागपासून गुहागरपर्यंतच्या किनाऱ्यांवर चारचाकी गाड्या थेट पाण्यापर्यंत उतरविल्या जातात. चारही चाकांना शक्ती पुरविणाऱ्या जीपगाड्या मध्यमवर्गाच्या आटोक्यात आल्या, त्यांच्या जाहिरातींतून लाटा उडवीत धावणारी गाडी घरोघर पोहोचली, आणि कुटुंबाची सहल म्हणजे तंबू, शेकोटी व वाळूवर गाडी फिरविणे असे समीकरण रूढ होऊ लागले. २०२४ सालच्या अखेरीस रेवदंड्याच्या किनाऱ्यावर अशीच एक परदेशी बनावटीची अत्यंत महागडी मोटार वाळूत रुतली आणि शेवटी बैलगाडीला बांधून ती बाहेर ओढावी लागली. त्याच वर्षी जून महिन्यात कच्छमधील मुंद्र्याजवळ दोन जीपगाड्या भरतीच्या पाण्यात अडकल्या आणि चालकांवर पोलिसांना गुन्हे नोंदवावे लागले. लोक ही दृश्ये पाहून हसले. मात्र हसून सोडून देण्याजोगा हा विषय नाही. सार्वजनिक मालमत्तेच्या वापराचा आणि तिच्या मालकीचा एक जुना, अवघड प्रश्न त्यामागे उभा आहे.

गाडी का रुतते?

गाडी रुतण्याचे कारण साधे आहे. भरतीची रेषा जेथे संपते त्याच्या वरची वाळू कोरडी व सुटी असते. तिच्यात चाक फिरू लागले की ते पुढे जाण्याऐवजी खाली जाते. पाण्याजवळची ओली वाळू घट्ट असते, म्हणून अननुभवी चालक गाडी पाण्याकडे नेतो. सुमारे सहा तासांनी ओहोटीची भरती होते, आणि जी जमीन दुपारी रस्त्यासारखी टणक होती ती संध्याकाळी पाण्याखाली जाते. किनाऱ्यावरच्या कोळ्याच्या पोराला जे तिथीवरून कळते, ते हजार किलोमीटरवरून आलेल्या शिकलेल्या माणसाला ठाऊक नसते. या अज्ञानाची किंमत त्याने स्वतः मोजली असती, तर त्याबद्दल वृत्तपत्रांनी चिंता करण्याचे कारण नव्हते. पण ती किंमत बहुतांशी दुसरेच कोणीतरी मोजतात, आणि खरी अडचण तेथेच आहे.

ही किंमत मोजणाऱ्यांत सर्वांत आधी येतात ती किनाऱ्यावर पायी आलेली माणसे. समुद्रकिनारा ही सर्वांत स्वस्त सहल आहे. तेथे तिकीट नाही, फाटक नाही, प्रतिष्ठेची अट नाही. एस. टी.ने आलेल्या कारकुनाचे मूल आणि बंगल्यात उतरलेल्या उद्योजकाचे मूल तेथे एकाच वाळूत किल्ला करते. आपल्या विषम समाजात अशा जागा फार थोड्या उरल्या आहेत. त्या वाळूवर एक गाडी वेगाने वळणे घेऊ लागली, की तिच्या चाकांखालची जमीन तर जातेच, शिवाय तिच्या आजूबाजूचा मोठा पट्टाही लहान मुलांसाठी निरुपयोगी होतो. कोणतीही आई आपल्या मुलाला तेथे मोकळे सोडणार नाही. एका कुटुंबाच्या करमणुकीसाठी शंभर कुटुंबांचा मोकळेपणा खर्ची पडतो, आणि हा खर्च कोणाच्याही जमाखर्चात लिहिला जात नाही.

त्यानंतर क्रम लागतो तो किनाऱ्यावर पोट भरणाऱ्यांचा. किनाऱ्यावर चाके पूर्वीही होती. हर्णै बंदरात होड्यांतून उतरलेली मासळी बैलगाड्यांनी किनाऱ्यावर आणली जाते. तेथील मासळीचा लिलाव पाहायला दूरदूरचे लोक जातात. सिंधुदुर्गात रापण ओढणारी माणसे किनाऱ्यावरूनच जाळे खेचतात. अनेक गावांत मासळी वाळूवरच सुकत घातली जाते. ही चाके आणि ही पावले उपजीविकेची आहेत. भरती-ओहोटीचे वेळापत्रक पाळून ती चालतात. करमणुकीच्या चाकाला असे कोणतेच बंधन नसते. म्हणून किनाऱ्यावर वाहन नको एवढेच सरसकट म्हणणे अन्यायाचे ठरेल. कोणाचे वाहन, कशासाठी आणि केव्हा, हे प्रश्न विचारले पाहिजेत.

वाळू निर्जीव नव्हे

तिसरी किंमत मोजणाऱ्यांना तक्रारही करता येत नाही. नोव्हेंबरपासून मार्चपर्यंत कोकणच्या अनेक किनाऱ्यांवर ऑलिव्ह रिडले जातीची कासवे रात्री वाळूवर येतात, दीड-दोन फूट खोल खड्डा करून त्यात शंभरच्या आसपास अंडी घालतात आणि पहाटेपूर्वी समुद्रात परततात. सुमारे ४५ ते ६० दिवसांनी पिल्ले बाहेर पडतात. हे कासव १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत आहे. म्हणजे कायद्याने त्याला वाघाच्या बरोबरीचे संरक्षण दिले आहे. गाडीच्या वजनाने वाळू दाबली जाते, आणि चाकांच्या खोल चाकोरीत दोन इंचांचे पिल्लू पडले तर त्याला वर चढता येत नाही. शेकोटीचा व गाडीच्या दिव्यांचा उजेड त्याला समुद्राऐवजी जमिनीकडे ओढतो. ज्या कुटुंबाने रात्री तंबूसमोर गाडीचे दिवे लावून गाणी म्हटली, त्याने जाणूनबुजून पाप केले असे कोणी म्हणणार नाही. नुकसान मात्र झालेले असते.

याच किनाऱ्यांवर भरतीच्या रेषेच्या वर जांभळ्या फुलांची एक वेल पसरलेली दिसते. तिला मर्यादवेल म्हणतात. समुद्राची मर्यादा दाखविणारी ही वेल आपल्या मुळांनी वाळू धरून ठेवते व तिच्या आधाराने वाळूच्या टेकड्या उभ्या राहतात. लाटा आणि वस्ती यांच्यामधली ही निसर्गाने फुकट बांधलेली भिंत आहे. ३ जून २०२० रोजी निसर्ग चक्रीवादळ रायगडच्या किनाऱ्यावर धडकले, तेव्हा नारळी-पोफळीच्या वाड्या आणि सुरूची झाडे कशी आडवी झाली हे श्रीवर्धन-दिवेआगरच्या लोकांनी पाहिले आहे. शासन समुद्राने होणारी धूप थांबविण्यासाठी दगडांचे धूपप्रतिबंधक बंधारे बांधते आणि त्यावर करदात्यांचा पैसा खर्च होतो. एकीकडे फुकटची भिंत चाकांखाली तुडवायची व दुसरीकडे पैसे खर्चून दगडाची भिंत उभारायची, या व्यवहाराला अर्थशास्त्राच्या कोणत्याही कसोटीवर शहाणपणाचे म्हणता येणार नाही.

सर्वांचे म्हणून कोणाचेच नाही

अर्थशास्त्रात या प्रकाराला बाह्य परिणाम म्हणतात. वस्तू वापरणाऱ्याला लाभ पूर्ण मिळतो, पण तोट्याचा थोडासाच वाटा त्याच्या अंगावर पडतो. उरलेला तोटा समाजात वाटला जातो. पहिल्या गाडीने फारसे बिघडत नाही, दहाव्या गाडीने थोडे बिघडते, शंभराव्या गाडीने किनारा मोटारींचा तळ होतो. तरीही शंभराव्या चालकाला वाटते की आपल्या एकट्याने काय होणार! गॅरेट हार्डिन याने १९६८ साली सामायिक कुरणाच्या शोकांतिकेची मांडणी केली ती याच धर्तीची होती. सर्वांसाठी मोकळे असलेले कुरण प्रत्येकाच्या शहाणपणामुळेच उजाड होते, असे त्याचे म्हणणे होते.

कोकणात या शोकांतिकेला एक चमत्कारिक पुरवणी जोडली गेली आहे. गाडी रुतली की तिला ओढून काढण्यासाठी ट्रॅक्टर, बैलगाडी किंवा माती उपसण्याचे यंत्र लागते आणि त्याचे पैसे अडलेल्या चालकाला मोजावे लागतात. म्हणजे किनारा वापरण्याची किंमत कोठेच नाही असे नव्हे. ती आहे, पण नुकसान झाल्यानंतर आकारली जाते. ज्याचे दैव फिरले त्याच्याकडूनच ती वसूल होते. आणि ती किनाऱ्याच्या देखभालीकडे जात नाही. ज्या गावकऱ्याच्या पदरी ट्रॅक्टर आहे त्याला ही मिळकत आहे, हे खरे. परंतु पाहुणा अडचणीत आल्यावरच ज्या गावाला चार पैसे मिळतात, त्या गावाच्या पर्यटनाची घडी नीट बसली आहे असे कसे म्हणावे?

कायदा नाही म्हणून हे घडते, असे मात्र नाही. १९८१ साली इंदिरा गांधी यांनी किनारी राज्यांच्या मुख्यमंत्र्यांना पत्र लिहून भरतीरेषेपासून ५०० मीटरचा पट्टा मोकळा ठेवण्यास सांगितले होते. त्यानंतर १९८६ च्या पर्यावरण संरक्षण कायद्याच्या आधारे १९ फेब्रुवारी १९९१ रोजी किनारा नियमन क्षेत्राची पहिली अधिसूचना निघाली. २०११ व २०१९ साली तिची नवी रूपे आली. वाळूच्या टेकड्यांची मोडतोड तिने निषिद्ध केली आहे आणि कासवांच्या विणीच्या जागा सर्वाधिक संवेदनशील गटात घातल्या आहेत. पण हे नियम मुख्यतः बांधकामाकडे डोळा ठेवून केलेले आहेत. हॉटेल कोठे बांधावे हे त्यांत आहे. रविवारी दुपारी वाळूवर उतरलेली गाडी कोणी अडवावी, हे नाही. बंदरे व जलक्रीडा यांचा परवाना महाराष्ट्र सागरी मंडळाकडे, जमीन महसूल खात्याकडे, सुरुबन व कासव वन खात्याकडे, कचरा ग्रामपंचायतीकडे आणि अपघात पोलिसांकडे! इतके धनी असलेल्या मालमत्तेला प्रत्यक्षात धनी नसतो. पोलीस फार तर बेदरकार वाहनचालनाचे कलम लावतात. काही किनाऱ्यांवर बंदीचे फलक आहेत, आणि त्या फलकांच्या शेजारूनच गाड्या खाली उतरतात.

जंगलाचा धडा

या बाबतीत समुद्र न पाहिलेल्या चंद्रपूर-गडचिरोलीच्या माणसाकडून कोकणाला काही शिकता येईल. १९५५ साली राष्ट्रीय उद्यान झालेल्या ताडोब्यात आज कोणी आपली गाडी घेऊन गाभा क्षेत्रात शिरू शकत नाही. मोहर्ली वा कोलारा येथील प्रवेशद्वारावर मोठ्यातला मोठा माणूस आपली मोटार उभी करतो आणि नोंदणी केलेल्या जिप्सीत स्थानिक वाटाड्याबरोबर बसतो. गाड्यांची संख्या ठरलेली, वेळ ठरलेली, रस्ता ठरलेला. पावसाळ्यात गाभा क्षेत्र बंद राहते. याचे दोन परिणाम झाले. एक, चाके रस्त्यावर राहिली. दुसरा परिणाम अधिक महत्त्वाचा आहे: जिप्सीचा चालक, मालक आणि वाटाडे यांच्या रूपाने पर्यटकाच्या खर्चाचा काही भाग जंगलालगतच्या गावांत उतरला. कोकणात पर्यटक आपली गाडी, आपला तंबू आणि पुष्कळदा आपला शिधाही घेऊन येतो, आणि गावासाठी मागे कचरा ठेवून जातो.

अर्थात केवळ नियमांनी माणूस सुधारतो असे नाही. ३१ डिसेंबर २०२४ रोजी उमरेड-पवनी-कऱ्हांडला अभयारण्यात पर्यटकांच्या गाड्यांनी एका वाघिणीची आणि तिच्या पाच बछड्यांची वाट दोन्ही बाजूंनी रोखली. मुंबई उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठाने त्याची स्वतःहून दखल घेतली आणि चालक व वाटाड्यांवर कारवाई झाली. या घटनेचा अर्थ असा की नियमाला सतत राखण लागते. पण तिचा दुसराही अर्थ आहे. तेथे गुन्हा कोणी केला हे दुसऱ्या दिवशी कळले, कारण प्रत्येक गाडीची नोंद होती आणि जबाब विचारायला एक खाते होते. समुद्रकिनाऱ्यावर यांपैकी काहीच नाही.

ताडोब्याचा नमुना शासकीय मालकीचा आहे. त्याला पर्यायही याच भागात आहे. गडचिरोली जिल्ह्यातील धानोरा तालुक्यातल्या मेंढा (लेखा) या गावाला २००९ साली वनहक्क कायद्याखाली सामूहिक वनहक्क मिळाला. देशात असा हक्क मिळविणाऱ्या पहिल्या गावांपैकी ते एक. जंगलाचा वापर कोणी, किती व कसा करावा हे ग्रामसभा ठरविते. बांबूच्या विक्रीचा पैसा ग्रामसभेकडे येतो. हार्डिनच्या निराशेला उत्तर देणाऱ्या एलिनॉर ऑस्ट्रॉम यांना त्याच वर्षी अर्थशास्त्राचे नोबेल पारितोषिक मिळाले, हा योगायोग लक्षात ठेवण्याजोगा आहे. सामायिक संपत्ती राखायला सरकार किंवा खाजगी मालक यांपैकीच कोणी लागतो असे नाही. वापरणाऱ्यांची संघटना स्वतःचे नियम करून ती राखू शकते, हे ऑस्ट्रॉम यांनी जगभरच्या उदाहरणांतून दाखवून दिले होते.

कोकणातही याची साक्ष आहे. रत्नागिरी जिल्ह्यातील मंडणगड तालुक्यातल्या वेळास गावी चिपळूणच्या सह्याद्री निसर्ग मित्र या संस्थेने २००२ साली कासवांच्या रक्षणाचे काम सुरू केले. जी अंडी एके काळी गोळा करून खाल्ली जात, ती आता गावकरी कुंपणात राखतात. पिल्ले समुद्रात सोडण्याचा सोहळा पाहायला येणारे पर्यटक गावातल्या घरांतच उतरतात आणि घरच्या चुलीवरचे जेवतात. तेथे पाहुण्यांना वाळूवर गाडी फिरविता येत नाही म्हणून ते येईनासे झाले, असे घडले नाही. उलट त्या संयमामुळेच त्यांना येण्याचे कारण मिळाले.

जगाचा अनुभव

बंदी हा एकच मार्ग आहे असेही जग म्हणत नाही. केरळमध्ये कण्णूर जिल्ह्यातील मुळप्पिलंगाड येथे सुमारे ४ किलोमीटरचा किनारा मोटारींसाठी शुल्क घेऊन मुद्दाम खुला ठेवला आहे. तेथील वाळू घट्ट आहे. अमेरिकेत केप हॅटरस येथे २०१२ पासून वाहनाला परवाना काढावा लागतो, पक्षी व कासवे यांच्या विणीच्या जागा बंद ठेवल्या जातात आणि कासवांच्या हंगामात रात्री गाडी चालविता येत नाही. ऑस्ट्रेलियातील क्वीन्सलंड राज्यात कगारी बेटावरही परवाना विकत घ्यावा लागतो. याच्या उलट दक्षिण आफ्रिकेने २००१ च्या अखेरीस किनाऱ्यावरील करमणुकीच्या वाहनांना जवळजवळ संपूर्ण बंदी घातली. आपल्या शेजारच्या गोव्याने २०२२ साली किनाऱ्यावर वाहन चालविण्याबद्दल व उघड्यावर स्वयंपाक करण्याबद्दल ५ हजारांपासून ५० हजार रुपयांपर्यंत दंड ठेवला.

या उदाहरणांतून एक गोष्ट स्पष्ट होते. कोणी परवानगी दिली, कोणी बंदी घातली. पण निर्णय सर्वांनी घेतला. महाराष्ट्राने निर्णयच घेतलेला नाही. आपले किनारे बहुधा दोन डोंगरांच्या मधले, आखूड व वस्तीला लागून असलेले आहेत. केप हॅटरसच्या लांबच लांब, विरळ वस्तीच्या वाळूवर जे खपते ते काशिदला वा लाडघरला खपणार नाही. तेव्हा सामान्य नियम बंदीचा आणि अपवाद परवानगीचा, असाच क्रम आपल्याकडे असावा लागेल.

काय करता येईल?

पहिली गोष्ट, प्रत्येक गर्दीच्या किनाऱ्यासाठी एकच जबाबदार यंत्रणा हवी, आणि ती ग्रामपंचायत किंवा ग्रामसभेने नेमलेली समिती असावी. काही ग्रामपंचायती वाहनतळाचे शुल्क आजही घेतात. त्या अधिकाराला बंदीच्या अंमलबजावणीची जोड द्यावी लागेल. दुसरी, गाड्या सुरुबनाच्या मागे, वाळूच्या टेकड्यांच्या अलीकडे थांबाव्यात. वाळूवर उतरण्याच्या वाटा दगड वा लाकडी खांब रोवून अडवाव्यात. फलकापेक्षा खांब अधिक बोलका असतो. मासेमारांच्या गाड्या, रुग्णवाहिका आणि जीवरक्षक यांना त्यातून सूट असावी. तिसरी, तंबूंसाठी नेमलेली जागा, पाणी, शौचालय आणि कचऱ्याची सोय हवी. २०२१ साली राज्याने कॅराव्हॅन पर्यटनाचे धोरण जाहीर केले, तेव्हा वाहनातच राहणाऱ्या पाहुण्यासाठी नेमलेला तळ हवा, हे तत्त्व मान्य झालेलेच आहे. तेच तंबूलाही लागू करावे. चौथी, एखाद्या लांब व निर्जन किनाऱ्यावर, कासवांचा हंगाम सोडून, दिवसा, शुल्क घेऊन व स्थानिक वाटाड्यासह गाडी चालवू देण्याचा प्रयोग करण्यास हरकत नसावी. तरुणांच्या साहसाला वाट दिली नाही तर ते आडवाट शोधते.

यावर असा आक्षेप घेतला जाईल की, निर्बंध घातले तर पर्यटक पाठ फिरवतील आणि गरीब कोकणचे नुकसान होईल. हा आक्षेप गंभीरपणे घेतला पाहिजे, कारण त्यामागे खऱ्या पोटाची काळजी आहे. परंतु ताडोब्यात निर्बंध वाढले म्हणून गर्दी ओसरली नाही, आणि वेळासच्या घरांत पाहुणे येतच राहिले. जे दुर्मिळ आणि राखलेले असते, त्याच्यासाठी माणूस दुरून येतो. तुडवलेला किनारा पाहायला हजार किलोमीटरवरून कोणी येणार नाही.

दुसरा आक्षेप असा की, सुशिक्षित कुटुंबांना समज दिली की पुरे. कायद्याचा बडगा कशाला? समज हवीच, आणि शाळेच्या सहली नेणाऱ्या शिक्षकांइतके ती कोणी देऊ शकणार नाही. सहलीची बस जेथे थांबते तेथून मुलांना वाळूवर चालत नेणे, ओहोटीची वेळ पाहून जाणे, मर्यादवेल दाखवून तिच्या नावाचा अर्थ सांगणे, हे कोणत्याही अधिसूचनेपेक्षा दूरगामी ठरेल. पण समंजस माणसालाही दुसऱ्याची गाडी खाली उतरताना दिसली की आपला संयम भाबडेपणा वाटू लागतो. नियम हवा तो समंजसाला एकटे पडू न देण्यासाठी.

गोंडपिपरीच्या वाचकाला हा प्रश्न परका वाटण्याचे कारण नाही. वर्धा आणि वैनगंगा यांच्या पात्रांत उन्हाळ्यात टरबुजांच्या वाड्या लागतात, उघड्या वाळूवर टिटव्या व नदीसुरय अंडी घालतात, आणि त्याच पात्रांत वाळू वाहणाऱ्या ट्रॅक्टरांच्या चाकोऱ्या उमटतात. २०२३ साली राज्याने ६०० रुपये ब्रास दराने डेपोतून वाळू विकण्याचे धोरण आणले आणि दोन वर्षांतच २०२५ साली ते सोडून पुन्हा लिलावाची वाट धरली. वाळूची किंमत कशी ठरवावी, हे शासनालाही अद्याप उमगलेले नाही, असाच याचा अर्थ. नदीची वाळू ब्रासने तरी मोजली जाते. समुद्रकाठच्या वाळूला तेवढेही मोल नाही. ज्या दिवशी विदर्भातले एखादे कुटुंब समृद्धी मार्गाने किनाऱ्यावर पोहोचेल, सुरुबनाच्या मागे गाडी लावील आणि मुलांच्या हाती चपला देऊन पायी वाळूवर उतरेल, त्या दिवशी त्या रस्त्याने समुद्र खऱ्या अर्थाने जवळ आणला असे म्हणता येईल. तोपर्यंत तो रस्ता कोकणच्या वाळूवर आणखी काही चाके पोहोचविण्याचेच काम करीत राहील.